मेहुण्यांच्या जिभेचा प्रश्न

आमच्या घराण्याचा धंदा चिकटण्याचा. बाथरूमच्या टाइलवर ओला हात फिरवून जे रबरी हुक दाबून बसवतात, ते आम्ही बनवतो. इतर कंपन्यांचे हुक अंगाला साबण लागलेला असताना टॉवेलसकट खाली येतात. आमचे येत नाहीत. एकदा एक गिऱ्हाईक हुकासकट उखडून आलेली टाइल घेऊन भांडायला आलं होतं. मामाने त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी ती टाइल मागून घेतली. ती आता ऑफिसच्या भिंतीवर आहे, जिथे लोक बक्षिसं लावतात तिथे. दुसरं बक्षीस नसल्यामुळे जागा भरपूर आहे.

कारखाना मामाचा. मामा बोलतो, मामी मशिनं चालवते आणि मी भाचा असतो. ही वाटणी बरीच वर्षं सुखाने चालली. मग बाजारात डिंकाच्या पट्टीवर चिकटणारे हुक आले. ओला हात फिरवा, दाबा, हवा काढा, ही कटकट लोकांना नको झाली. आमच्या मोठ्या मशीनवर धूळ बसायला लागली आणि मामा जेवताना गप्प बसायला लागला. आमच्याकडे कोणी अत्यवस्थ असल्याशिवाय असं होत नाही.

त्याच सुमारास मेहुण्यांनी सोफा खाल्ला.

मेहुणे म्हणजे मामीचा कुत्रा. मामीच्या भावाने तो पिल्लू असताना आणून दिला, म्हणून मामा त्याला मेहुणे म्हणतो आणि सासरच्या माणसाशी जेवढं बोलावं तेवढंच बोलतो. "मेहुणे, जरा सरकता का." "मेहुण्यांचं जेवण झालं का विचार रे." लाड नाहीत, कुरवाळणं नाही, सगळं अहो-जाहो. मेहुणेही तसेच. मामा खोलीत आला की ते उठून उभे राहतात आणि दुसऱ्या खोलीत जातात. अंगाने आडवे, रंगाने चहासारखे, आणि चेहऱ्यावर कायम मानपान राहून गेल्याचा भाव.

जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या की सोफा भुकेपोटी गेलेला नाही, रिकामपणापोटी गेलाय. जेवण वाडग्यात आयतं देऊ नका, खेळण्यात लपवून द्या. हुंगू दे, चाटू दे, डोकं चालवू दे, मग बाकीचा वेळ शांत झोपेल. मामीने माझ्याकडे बघत डॉक्टरांना विचारलं की हे फक्त कुत्र्यांनाच लागू होतं का.

मामाच्या डोक्यात मात्र तिथेच दिवा लागला. आपल्याकडे रबर आहे, मशीन आहे आणि रिकामे दोघं आहेत, तो म्हणाला. दुसरा कोण हे मी विचारलं नाही. मला त्याच आठवड्यात चाचणी अधिकारी करण्यात आलं.

चाचणीचा नियम मामाने सुरुवातीलाच घालून दिला. आधी माणूस, मग मेहुणे. कुत्र्याला खेळणं आवडलं नाही तर ते का आवडलं नाही हे सांगत नाही, नुसतं निघून जातं. माणसालाही निघून जावंसं वाटतं, पण त्याला पगार असतो. त्यामुळे मी हात पाठीमागे धरून, कारखान्याच्या जमिनीवर पालथा पडून, नाकाने आणि दाताने खेळणी सोडवायचो. पहिलं खेळणं सरकत्या लाकडी झाकणांचं होतं. मी सकाळ खर्ची घालून दोन झाकणं सरकवली. मेहुण्यांनी झाकणं खाल्ली आणि खाली लपवलेला खाऊ तसाच ठेवून गेले. तेव्हा कळलं की सुटा होणारा तुकडा नको. मग कडक प्लॅस्टिकचा गोळा केला, त्यात माझ्या दाढेचा टवका उडाला. दाताच्या डॉक्टरांनी कशाने झालं विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी माझा पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. तेव्हापासून आम्ही खेळण्यावर अंगठ्याचं नख रुतवून बघतो. खूण उमटली तर दात वाचतील, नाही उमटली तर वस्तू परत.

पुढचं खेळणं मेहुण्यांनी आख्खं गिळलं. घरातल्या सगळ्यांचं लक्ष मग एकाच घटनेकडे लागून राहिलं, आणि ती घडली तेव्हा मामीने आनंदाने आपल्या भावाला फोन केला. जबड्यापेक्षा मोठं असावं, हे त्या दिवशी ठरलं. त्यानंतरचं इतकं अवघड झालं की ते कोणालाच उघडेना. मेहुण्यांनी हुंगलं, सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमलो. त्यातली बिस्किटं अजून आत आहेत. सुरुवात सोपी हवी, नाहीतर कुत्रं नाद सोडतं आणि पुन्हा सोफ्याकडे वळतं.

मग भोवरा जमला.

भोवरा म्हणजे मुठीएवढा, आतून पोकळ, खाली निमुळता आणि वर एकच तोंड. आत मऊ खाऊ भरायचा आणि कुत्र्याने चाटून चाटून काढायचा. नखाची खूण उमटायची, तुकडा सुटत नव्हता, गिळता येत नव्हता. रबराचा वास तर नव्हताच. आणि त्याच्या तोंडाला मामाने हुकाच्या वाटीसारखा पातळ, लवचिक ओठ दिला होता, आमच्या जुन्या साच्यावरून. एवढ्या वर्षांची विद्या या ओठात उतरवलीय, असं तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

मी चाचणी बोटाने केली, कारण दाढ अजून दुखत होती. बोट आत घातलं, भोवरा जरा दाबला, सोडला. मग उरलेली दुपार मी एका हाताने कामं केली.

लसीच्या वेळी मेहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा तो भोवरा डॉक्टरांना दाखवला. त्यांनी उलटापालटा करून विचारलं, दुसरं भोक कुठंय. एकच भोक असलं तर कुत्रं जीभ आत घालतं, आतली हवा ओढली जाते आणि जीभ अडकते. मग ती सुजते, म्हणजे आणखीच अडकते. मागे हवेला वाट हवी. त्यांच्याकडे असं एक कुत्रं आलं होतं, म्हणाल्या, आणि पुढचं सांगितलं नाही. मेहुण्यांची मान त्या हळूहळू खाजवत राहिल्या.

मी घरी येऊन मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मागून हवा आली तर चिकटेल कसं?"

मी म्हटलं, ते चिकटायलाच नकोय.

आमच्या कारखान्यात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. मामाने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या टाइलकडे बघितलं. मग शांतपणे समजावलं की साचा तयार झालाय, माल निघालाय, खोकी भरलीत. जनावरांच्या सामानाच्या मोठ्या दुकानांसाठी खरेदी करणाऱ्या एक बाई येत्या सोमवारी स्वतः बघायला येणार आहेत. त्यांनी घेतलं तर कारखाना चालेल, नाही घेतलं तर मशिनं विकावी लागतील. अशा वेळी आपणच आपल्या मालाला भोकं पाडत बसायचं का. मी म्हटलं, मग भोक पडेपर्यंत मेहुण्यांना तो मिळणार नाही. मामा म्हणाला, नको देऊस, बाईंसमोर मी देईन. आणि तू त्या वेळी तोंड बंद ठेवायचंस.

मामीला सांगू का म्हणून मी मशीनकडे गेलो, पण मामी साच्यात रबर भरत होती आणि तिच्या कानात कापूस होता. ती हसली आणि मान हलवली. मी सांगितल्यासारखं झालं, तिने ऐकल्यासारखं झालं.

सोमवारी खरेदीवाल्या बाई आल्या. मी कोणीतरी करड्या स्वभावाचं येईल असं धरून चाललो होतो. पण त्यांच्या काळ्या कोटावर तीन वेगवेगळ्या रंगांचे केस होते आणि त्यांनी आत येताच आधी मेहुण्यांना नमस्कार केल्यासारखं केलं, मग आम्हाला. मेहुणे बसल्या जागी शेपटी हलवते झाले. मामाने हे पाहिलं आणि त्याला जरा लागलं.

बाई फार बोलत नव्हत्या. टेबलावरचा भोवरा उचलला, अंगठ्याचं नख रुतवलं, खूण बघितली. ओढून पाहिला, पिळून पाहिला, नाकाशी नेला. प्रत्येक वेळी "हं" म्हणाल्या. तोंडाच्या ओठावरून बोट फिरवताना थांबल्या आणि ओठ फार सुंदर जमलाय असं म्हणाल्या. मामा लाजला. मग त्यांनी विचारलं की हे सगळं ठीक, पण कुत्रं यात रमतं का, की दोनदा चाटून सोडून देतं.

या प्रश्नाची मामा गेला महिनाभर वाट बघत होता. तो म्हणाला, आमच्याकडे एक पद्धत आहे बाई. आधी माणूस, मग मेहुणे.

खरं तर इथे माणूस म्हणजे मी. मी एक पाऊल पुढेही आलो. पण मोठ्या प्रसंगी मामाला दुसऱ्यावर काम सोपवणं जमत नाही. त्याने शिजवलेल्या भोपळ्याच्या गराने भरलेला भोवरा घेतला, बाईंकडे बघून मान लववली आणि जीभ आत घातली.

त्याने वरचा गर झटक्यात संपवला. खालचा लागेना, म्हणून भोवरा दोन्ही हातांनी दाबला आणि जीभ आणखी आत घातली. मग हात सैल सोडले.

आवाज अगदी छोटा झाला. आम्हा चिकटणाऱ्या लोकांना तो लांबून ओळखू येतो. हुक नीट बसला की येतो तो.

मामाने भोवरा ओढला. भोवरा आला नाही, मामाचा चेहरा आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने बाईंकडे पाहून अंगठा वर केला.

बाई म्हणाल्या, "रमलेत."

मी म्हटलं, हो. रमतात ते.

पुढचा प्रसंग कसा सांगावा कळत नाही, कारण तो सगळा अत्यंत रीतसर पार पडला. मामाने भोवरा तोंडाला लटकत असतानाच हाताने "या" असं केलं आणि बाईंना कारखाना दाखवायला निघाला. मी मागून. बाईंनी विचारलं की रबर कुठलं वापरता. मामा म्हणाला, "अंऽऽ अं." मी सांगितलं, मामा म्हणतायत खाण्याच्या वस्तूंना चालतं तेच. मामाने मान डोलावली, भोवराही डोलला. बाईंनी विचारलं की रंग चाटून जातो का. मामाने तोंडाकडे बोट दाखवलं, म्हणजे बघा ना, एवढा वेळ झाला, गेला का. हे उत्तर मला न विचारता त्याने स्वतः दिलं, आणि मला मान्य करावं लागेल की ते जबरदस्त होतं. बाईंनी खाली वाकून बघितलंसुद्धा. रंग गेला नव्हता. मामाचा मात्र थोडा बदलला होता.

चहा आला. बाईंनी आणि मी घेतला. मामा कप हातात धरून उभा राहिला आणि अधूनमधून त्यात फुंकर घालायला जायचा, मग आठवायचं.

इतक्यात मामी कानातला कापूस काढत मशीनकडून आली. तिने मामाकडे बघितलं आणि विचारलं की अहो, हे काय. मी पटकन म्हटलं, चाचणी चाललीय, बाईंना दाखवतायत. मामीने जरा विचार केला. मग तिच्या लक्षात आलं की समोर नवरा आहे आणि त्याला बोलता येत नाहीये. असा योग लग्नानंतर आलाच नव्हता. तिने स्टूल ओढलं. बैठकीच्या खोलीला पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे ते तिने सांगितलं. आपल्या भावाला गेल्या वेळी जेवायला थांबा असं दोनदा म्हणायला हवं होतं, एकदा म्हणणं म्हणजे निघा म्हणण्यासारखं असतं, हे सांगितलं. मोठ्या मशीनचा पट्टा बदलायला झालाय हे ती कधीपासून सांगतेय, तेही सांगितलं. प्रत्येक मुद्द्यानंतर ती थांबून विचारायची, "चालेल ना?" आणि मामा बाईंकडे बघत हसऱ्या डोळ्यांनी मान डोलवायचा. बाई चहा पीत हे सगळं ऐकत होत्या. एवढं समजूतदार कुटुंब क्वचित बघायला मिळतं, म्हणाल्या.

मला हे सगळं थांबवता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण मामा मागच्या बाजूने हाताची बोटं जुळवून मला गप्प राहायची विनवणी करत होता, आणि मामा कोणाला विनवतो हे मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. शिवाय जीभ त्याची होती. मोठा माणूस आहे, आपल्या जिभेचं बघून घेईल, असं मी मनाला सांगितलं. त्याचे कान जांभळे दिसायला लागले तेव्हा मी ते दोनदा सांगितलं.

मग बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, छान. आता मेहुणे.

त्यांनी खोक्यातला नवा भोवरा घेतला, टेबलावरच्या भांड्यातून गर घेऊन चमच्याने आत भरला, अगदी तळापर्यंत दाबून, आणि गुडघ्यावर बसल्या. मेहुण्यांना एवढ्या आदराने कोणी काही दिलेलं नव्हतं. ते उठले. एकेक पाऊल टाकत आले. नाक पुढे केलं. जीभ बाहेर आली. मेहुण्यांची जीभ लांब आहे, ती आधी बाहेर येते आणि मग कुठे जायचं ते ठरवते.

मी मामाकडे बघितलं. तो त्या जिभेकडे बघत होता. हुकांच्या धंद्यात आयुष्य काढलेला माणूस, भोवरा स्वतःच्या तोंडाला लटकलेला, डोळ्यांत पाणी. ते पाणी जिभेच्या दुखण्याचं होतं की काय होतं, कोण जाणे. त्या जिभेच्या पलीकडे खोकी रचलेली होती आणि त्या खोक्यांच्या पलीकडे मोठं मशीन.

मी तोंड उघडलं. पण मामा माझ्या आधी हलला.

त्या वयाच्या माणसाने टेबलाखालून जाणं शोभत नाही, पण सरळ वाटेत मामीचं स्टूल होतं. मामा टेबलाखालून रांगत गेला आणि मेहुण्यांच्या तोंडासमोर आपला हात धरला. बाईंच्या हातातला भोवरा काढून घेऊन पोटाशी लपवला. मेहुणे गुरगुरले. मग त्यांना दिसलं की मामाच्या तोंडालाही एक भोवरा आहे आणि त्याच्या कडेला थोडा भोपळा लागलाय. त्यांनी तो चाटायला सुरुवात केली. दोघं नाकाला नाक लावून बसले होते. इतके जवळ ते कधी आले नव्हते. मामा चाटून घेत होता आणि माझ्याकडे बघत एका हाताची बोटं नाचवत होता. आधी एक बोट. मग ते जोरजोरात हलवून नाही, नाही. मग दोन बोटं.

मी म्हटलं, "बाई, याला दुसरं भोक लागतं. एकाच भोकाने जीभ अडकते. आम्हाला माहीत होतं."

मामाने मान डोलावली.

बाई मामाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "यांची कधीपासून अडकलीय?"

"तुम्ही रमलेत म्हणालात तेव्हापासून."

"म्हणजे चहाच्या आधीपासून."

मी हो म्हटलं. मामी स्टुलावरून उठली. पडद्यांचं कबूल केलेलं तरी धरायचं की नाही, एवढंच तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हत्यारं आणायला गेली.

मी भोवरा धरून ओढायला गेलो तर बाईंनी माझ्या हातावर चापट मारली. ओढायचं नाही, म्हणाल्या, जीभ मुळापासून दुखावते. आत हवा जाऊ द्यायची, मग ती आपोआप सुटते. त्यांनी मामाला उठवून टेबलावर डोकं टेकवायला लावलं, गाल खाली, भोवरा आडवा. मामी रबराला भोकं पाडायचा पंच घेऊन आली. ती नळीसारखी धारदार पोलादी कांडी असते, हाताने फिरवत आत घालायची. एरवी त्या टेबलावर हुकांच्या वाट्या असतात. मामीने भोवऱ्याचं निमुळतं टोक चिमटीत धरलं, जीभ कुठवर पोहोचली असेल याचा अंदाज घेतला आणि मामाला हलू नका म्हणाली. मामा हलणार कुठे होता. त्याने तिच्या कपड्याचं टोक धरून ठेवलं होतं.

तिने पंच सावकाश फिरवला. रबराची छोटी टिकली निघून टेबलावर पडली. सूं असा आवाज झाला, आणि मग एक ओला, समाधानी आवाज, आणि मामा टेबलावर आणि भोवरा जमिनीवर असे वेगळे झाले.

जीभ बघून मामी म्हणाली की बाई गं. जीभ वांग्यासारखी झाली होती. मामाने ती आत घ्यायचा प्रयत्न केला, पण ती थोडी बाहेरच राहिली. बाईंनी गार पाण्यात फडकं भिजवून दिलं. तो ते तोंडात धरून एका खोक्यावर बसला आणि कोणाकडेच बघेना. मेहुणे खाली पडलेला भोवरा हुंगत होते.

बाईंनी कोटावरचे केस झटकले, म्हणजे एका जागचे दुसऱ्या जागी गेले. मग सांगितलं की एका भोकाचा एकही नग त्या घेणार नाहीत, आणि दुसऱ्या कोणाला विकायला निघालात तर सगळ्या दुकानांना कळवतील. हे त्या रागावून म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मामाने फडकं काढलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जीभ आडवी येत होती. त्यामुळे तो उठला, ज्या खोक्यावर बसला होता ते उचललं आणि पंचाच्या टेबलावर उपडं केलं. भोवरे सगळीकडे उड्या मारत गेले. मग दुसरं खोकं उपडं केलं. मामी म्हणाली, अहो, एकेक करा, घसरायला होईल. तो ऐकेना. शेवटचं खोकं रिकामं झालं तेव्हा खोक्यात भरलेला असा कारखान्यात एकही नग उरला नव्हता, आणि आम्ही चौघं घोट्यापर्यंत भोवऱ्यांत उभे होतो.

बाई पायाजवळचा एक भोवरा उचलत म्हणाल्या, "दोन भोकांचा बघू या मग."

मामीने तोच भोवरा धुतला, दुसरं भोक नीट मोकळं केलं आणि पुन्हा गर भरला. सगळ्यांनी मामाकडे बघितलं. आधी माणूस ही पद्धत होती. मामाने जीभ बाहेर काढली, म्हणजे ती होतीच बाहेर, आणि पुढे सरसावला. मामीने त्याला बस म्हटलं. एकेरीत म्हटलं, बाहेरच्या माणसासमोर. तो बसला. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला पगार आहे.

मी जीभ घातली, दाबलं, सोडलं. मागून सूं करून हवा आली. जीभ बाहेर आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. गर फारच कमी गोड होता, एवढी तक्रार मी नोंदवली. कोणी लक्ष दिलं नाही.

मग भोवरा मेहुण्यांना दिला. त्यांनी तो तोंडात धरला, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि खासगी काम असल्यासारखे टेबलाखाली घेऊन गेले. तिथून चाटल्याचा आवाज यायला लागला. मामा क्षणभर उभा राहिला. मग भोवरे दोन्ही हातांनी बाजूला सारत जमिनीवर पालथा पडला आणि डोकं टेबलाखाली घालून मेहुण्यांकडे बघत राहिला. वर बाईंनी मामीला विचारलं की भोकं पाडून पहिला माल कधी देता येईल. मामी म्हणाली, पट्टा बदलला की. बाई म्हणाल्या, पट्टा कधी बदलणार. मामीने टेबलाखाली वाकून विचारलं. मामाने हात वर करून गप्प राहायची खूण केली. त्याला ऐकायला वेळ नव्हता. त्याला ल नीट म्हणता येत नव्हता, तरी तो हळू आवाजात, कोणाला न उद्देशून, मेहुण्यांच्या जिभेबरोबर बोलत होता.

"गेयी," तो म्हणत होता. "आयी. गेयी. आयी."

बाईंनी मामीशी तारीख ठरवली, थोडाच माल मागवला, चालला तर पुढे बघू म्हणाल्या. मामीने होकार दिला. टेबलाखालची जीभ एकदा जरा जास्त वेळ आत राहिली. मामा गप्प झाला. वरच्या दोघीही बोलता बोलता थांबल्या.

"आयी," मामा म्हणाला.